उत्तरेकडे तोंड केलेली शाळा

बेहडाटोल्यात कुणाच्या घरी लग्न निघालं की पत्रिका छापण्याआधी डोमाभाऊ मारबते यांना निरोप जातो. मांडव कुठे घालायचा, चुली कुठे मांडायच्या, पंगत कोणत्या बाजूने बसवायची, हे ते सुतळी आणि चुन्याच्या फक्कीने अंगणात आखून देतात. एरवी ते धीवर. गावच्या तलावात जाळं टाकतात, आरमोरीच्या बाजाराला मासळी नेतात, पोटापुरता धान पिकवतात. पण गावात त्यांची ओळख मासळीपेक्षा फक्कीची जास्त. त्यांनी ओढलेली रेषा वाकडी गेल्याचं कुणी पाहिलेलं नाही. पाहिलं असेल तर बोलून दाखवलेलं नाही.

त्यामुळे गावच्या नव्या शाळेचं तोंड भलतीकडेच झालं तेव्हा सगळ्यांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं. आणि अडचण अशी होती, की खुद्द डोमाभाऊंनाही आपल्याकडेच पाहावंसं वाटत होतं.

गावात जिल्हा परिषदेची शाळा होती, पण पाचवीपर्यंत. सहावीसाठी जंगलातल्या वाटेने शेजारच्या गावी जावं लागे. मुलं सायकली हाणत जायची. मुलीही जायच्या, पण मोहफुलं वेचायचे दिवस आले आणि त्या वाटेवर वाघ दिसल्याची बातमी आली की घरचे लोक त्यांना थांबवून घेत. आठवडाभरासाठी थांबलेली मुलगी मग कायमचीच घरी राही.

डोमाभाऊंची नात डिंपल पाचवीत होती. त्यांचा मुलगा भूपेश मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवतो. सून रीता तिथल्याच एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करते. दोघं एका खोलीत राहतात, म्हणून डिंपल लहानपणापासून आजी-आजोबांकडे. डोमाभाऊ तलावावरून आले की जाळ्याचा गुंता सोडवायला तीच बसे. मोबाइलवर आलेला मजकूर तीच वाचून दाखवी. ताराबाई, म्हणजे डोमाभाऊंची बायको, म्हणायची, "या पोरीशिवाय तुमचं पान हालत नाई." ते खरंच होतं.

दिवाळीला भूपेश आला तेव्हा त्याने सरळ सांगून टाकलं, "बाबा, सहावी गावात झाली तं राहू द्या डिंपलले. नाई झाली तं मी घेऊन जातो. तिचं शिक्षन थांबवाचं नाई मले."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. डोमाभाऊंनी मान हलवली. पण त्या दिवसापासून त्यांच्या लेखी शाळेची इमारत म्हणजे डिंपल. इमारत झाली तर डिंपल घरात, नाही झाली तर मोहर्लीत.

आठवीपर्यंतच्या शाळेला आणि तिच्या इमारतीला मंजुरी आलेलीच होती. डोमाभाऊ शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्षही होते. निवडीच्या सभेला बाकीचे पालक धान कापायला गेले होते आणि हे एकटेच वेळेवर हजर होते, एवढंच त्यामागचं कारण. इमारतीचा नकाशा दाखवायला इंजिनियर आले तेव्हा टेबलाशी पहिली जागा त्यांना मिळाली.

नकाशावर एका ओळीत तीन चौकोन होते आणि त्यांच्यासमोर एक लांब पट्टा. चौकोन म्हणजे वर्गखोल्या, पट्टा म्हणजे व्हरांडा. इंजिनियर म्हणाले, "वरून पाहिल्यासारखं समजा."

डोमाभाऊंनी जन्मभर जमिनीवर रेषा ओढल्या, पण त्या पायी चालून. वरून पाहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी विचारलं, "याच्यात आपला रस्ता कुठी आहे साहेब?"

इंजिनियरांनी कागदाच्या कडेपलीकडे, टेबलाच्या लाकडावर बोट ठेवलं. "हा इथे."

सगळ्यांनी त्या लाकडाकडे पाहून समाधान व्यक्त केलं. डोमाभाऊंनी सही केली. मुख्याध्यापक हरिदास रामटेके सर यांनी चहा मागवला. कागद गुंडाळायच्या आधी इंजिनियरांनी तो एकदा फिरवला होता की नव्हता, हे पुढे कुणालाच आठवेना.

आता मंडईचं सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, आणि त्या रात्री नाटक होतं. वडशाची कंपनी येते आणि पार उजाडेपर्यंत खेळ चालतो. बेहडाटोल्यात हे नाटक जुन्या शाळेमागच्या मोकळ्या मैदानात व्हायचं आणि त्याची जागा आखून द्यायचं काम डोमाभाऊंचं. ही आखणी ठरलेली असे. मधे रंगमंचाचा चौकोन, त्याच्या एका बाजूला पुरुष नटांच्या रंगायच्या खोलीचा चौकोन, दुसऱ्या बाजूला बायांच्या खोलीचा. समोर पेटी-तबलावाल्यांना बसायला एक लांब पट्टा.

म्हणजे एका ओळीत तीन चौकोन आणि समोर पट्टा.

इंजिनियर शाळेची आखणी करायला आले त्या दिवशी डोमाभाऊ तलावावर होते. त्या दिवशी मोठं जाळं पडलं होतं आणि ते सोडून येणं शक्य नव्हतं. हरिदास सर आखणीला उभे राहिले आणि ती नेमकी कुठे झाली हे डोमाभाऊंना सांगायच्या आत, दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षणाला गडचिरोलीला निघून गेले. त्यानंतर मंडई आली. डोमाभाऊ सुतळीचा गुंडा आणि चुन्याची पिशवी घेऊन मैदानात गेले, तर तिथे रेषा आधीच पडलेल्या.

त्यांना वाटलं, नाटक मंडळाच्या पोरांनी यंदा आपल्याला विचारलंच नाही. मंडळाचा सचिव निकेश तरुण होता, त्याला सगळं स्वतः करून पाहायची हौस. चौकोन जरा जास्तच मोठे वाटले, पण कंपनी मोठी असेल. खटकलं ते वेगळंच. रेषांवरून रंगमंचाचं तोंड पूर्वेला, रस्त्याकडे येत होतं. ही तर ढोबळ चूक. नाटक संपतं उजाडताना. तोंड पूर्वेला ठेवलं तर शेवटच्या अंकात सूर्य थेट नटांच्या डोळ्यांत. एका वर्षी असंच झालं होतं. नायिका आईच्या मांडीवर मान टाकून मरत होती आणि डोळे किलकिले करून प्रेक्षकांकडे पाहत होती. गाव हसून हसून लोळलं होतं.

डोमाभाऊंनी कुणाला काही बोलून दाखवलं नाही. पायाने जुन्या रेषा मोडल्या, सुतळी लावली आणि तोंड उत्तरेला करून नव्याने फक्की टाकली. माप मात्र त्या पोरांनी धरलं होतं तेवढंच ठेवलं, कुणाचा अपमान नको म्हणून.

नाटक चांगलं झालं.

मंडईचे पाहुणे परतले, तेव्हा कंत्राटदाराने इतवारी मिस्त्रीला माणसं देऊन पाठवलं आणि पाया खणायला सुरुवात झाली. डोमाभाऊ खूश होते. रोज तलावावरून येताना ते मैदानाकडे वळत आणि खणलेली माती पाहून घरी येत. ताराबाईला सांगत, "काम जोरात आहे." भिंती कमरेएवढ्या आल्या तेव्हा एके दिवशी ते मधल्या खोलीत जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या पायाला ती जागा ओळखीची वाटली. यंदाच्या नाटकातली नायिकाही इथेच मेली होती. समोर व्हरांड्याची जागा. तिथे पेटीवाला बसला होता.

ते बाहेर आले, रस्त्याकडे पाहिलं, मग इमारतीकडे. इमारत रस्त्याकडे तोंड न करता कूस करून उभी राहत होती.

घरी येऊन त्यांनी ताराबाईला विचारलं, "मी त्या दिवशी रेषा मोडल्या होत्या ना गे? त्या कोनाच्या होत्या?"

"मोडल्या कुठी? तुमीच तं येऊन म्हनाले का जुन्यावरूनच फक्की फिरवली, चुना वाचला म्हनून."

"असं म्हनलो मी?"

"तेच म्हनले. का मागच्या वर्षी म्हनले होते, देव जाने."

डोमाभाऊंना आता आपण रेषा मोडल्या की नाही, याचीही खात्री वाटेना. डोळे मिटले की कधी पूर्वेकडची रेषा दिसे, कधी उत्तरेकडची. कुणाला विचारावं तर विचारण्यातच कबुली आली. आणि कबुली दिली, काम थांबलं, पाडापाडी निघाली, तर जून येणार आणि डिंपल मोहर्लीला जाणार. ते गप्प राहिले. भिंती वर चढत गेल्या.

गाव मात्र गप्प राहिलं नाही. छत घातल्यावर निकेशने भर चौकात हाक मारली, "डोमाभाऊ, पक्की स्टेजच बांधून घेतली गा तुमी सरकारकडून. आता पडदा तेवढा मागून घ्या."

लोक हसले. निकेशला ते मनापासून आवडलं होतं. उंच व्हरांडा, समोर मोकळं मैदान, याहून चांगला रंगमंच वडशातही नसेल, असं तो जाईल तिथे सांगत होता. डोमाभाऊ हसल्यासारखं करून घरी आले.

मे महिन्यात पाहणीसाठी नंदिनी मॅडम आल्या. नकाशा दाखवणारे पहिले इंजिनियर बदलून गेले होते, त्यांच्या जागी या. वयाने लहान, कामाला चोख. जीपच्या बॉनेटवर त्यांनी नकाशा पसरला, इमारतीकडे पाहिलं, नकाशा फिरवला, पुन्हा पाहिलं. मग नकाशा तसाच ठेवून स्वतः जीपच्या दुसऱ्या बाजूला गेल्या.

"सर," त्या हरिदास सरांना म्हणाल्या, "व्हरांडा कुठे आहे?"

"बाजूला आहे मॅडम. म्हणजे पुढे. म्हणजे तिकडून पाहिलं तर पुढे."

"नकाशात तो रस्त्याकडे आहे."

"हो का?" हरिदास सरांनी मान वाकडी करून नकाशा पाहिला. "मला वाटलं, आधीच्या साहेबांनी माझं ऐकलं. मी त्यांना म्हटलं होतं, रस्त्यावरून ट्रॅक्टर जातात, धूळ वर्गात येईल, तोंड फिरवता आलं तर पाहा. ते 'पाहू' म्हणाले होते. इमारत फिरलेली दिसली तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात धन्यवादही दिले."

मॅडमनी इतवारी मिस्त्रीला बोलावलं. तो हात पुसत आला.

"तुम्ही कोणत्या रेषेवर खणलं?"

"जे होती तिच्यावर बाई."

"कोणती होती?"

"दोन होत्या. एक पुसट, एक ठळक. मी सरले फोन केला. सर म्हनाले, साहेबानं आखली तसंच कर. आता साहेबाची कोनती, हे रेषेवर लिहून थोडीच राह्यते. ठळक ते साहेबाची, असं समजलो मी."

"आणि पुसट कोणाची?"

"ते तं मले आताही मालूम नाई."

मॅडमनी बदली झालेल्या साहेबांना फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. ते म्हणाले, बेहडाटोला ना, हो, आठवतंय, पूर्वेलाच आखली होती. थोडं थांबून म्हणाले, की सरांच्या सांगण्यावरून उत्तरेला केली होती? त्या महिन्यात याच नकाशाच्या बऱ्याच शाळा आखल्या मॅडम, नक्की कोणती कुठे, ते नकाशात पाहा. नकाशात पाहूनच तर फोन लावला आहे, असं मॅडम म्हणाल्या, तोवर रेंज गेली.

समितीचे अध्यक्ष म्हणून डोमाभाऊ हे सगळं बाजूला उभे राहून ऐकत होते. मॅडम नकाशाची गुंडाळी करत म्हणाल्या, "मला कार्यालयाला कळवावं लागेल. इमारत नकाशाप्रमाणे नाही आणि का नाही ते कुणाला सांगता येत नाही. अशी इमारत मी शाळेच्या ताब्यात कशी देऊ?"

हरिदास सर हळूच म्हणाले, "ताबा नाही मिळाला तर सहावी सुरू होणार नाही मॅडम. वर्ग भरवायला खोली दाखवावी लागते."

इतके दिवस डोमाभाऊंना वाटत होतं, बोललो तर डिंपल जाईल. आता दिसलं, न बोलताही जातेच आहे. ते पुढे आले.

"बाई, ते ठळक रेषा नाटकाची होती."

"कसल्या नाटकाची?"

"मंडईच्या. मी टाकली होती. साहेबाची रेषा मले पोरायची वाटली, तिचं तोंड पूर्वेले होतं, म्हनून मी ते उत्तरेले केलं. सकाळचं ऊन नटाच्या डोळ्यात जाते ना."

मॅडमनी गुंडाळलेला नकाशा पुन्हा उघडला. "म्हणजे ही इमारत नाटकाच्या रंगमंचावर उभी आहे?"

"तसंच दिसते."

"नाई नाई," इतवारी मधेच म्हणाला. "ठळक तं पूर्वेकडची होती. मी उत्तरेकडची पुसटच धरली शेवटी, काऊन का सर म्हनाले—"

"मी कुठे पुसट म्हणालो?"

"तुमी नाई म्हनले, पन फोन केला तेव्हा मी पुसटवर उभा होतो ना. तुमी म्हनले, तसंच कर."

"आत्ता तर तू म्हणालास ठळक."

"आत्ता म्हनलो. तेव्हाचं सांगून राह्यलो."

हरिदास सरांनी डोक्याला हात लावला. मॅडम बॉनेटला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना हसू येत होतं की रडू, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. डोमाभाऊंचा तर पार गोंधळ उडाला. मोठ्या कष्टाने मन घट्ट करून त्यांनी चूक पदरात घेतली होती, आणि आता ती त्यांचीच आहे का, हेही ठरत नव्हतं. ते पुन्हा एकदा म्हणाले, "बाई, माहीच असंन. तुमी माहीच लिवा. पन खोली द्या. माही नात सहावीत जाऊन राह्यली."

मॅडमनी टेप मागवला. खोल्या मोजल्या, भिंती, खिडक्या, दारं, पाया जिथे उघडा होता तिथे पाया. दुपार त्यातच गेली. मापं नकाशाबरहुकूम होती. फक्त अख्खी इमारत फिरली होती.

"हिला पाडायला कुणी सांगणार नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "प्रत्यक्ष जशी आहे तसा नकाशा मी नव्याने काढून मंजुरीला पाठवते. उत्तरेचा उजेड वर्गाला वाईट नाही. पण फाटक आता रस्त्याकडे चालणार नाही, तिकडे नुसती भिंत आहे. फाटक उत्तरेला करा. तिथून व्हरांड्यापर्यंत सरळ वाट आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार. दोन्ही बाजूंना झाडं. एवढं झालेलं दिसलं की मी सही करते."

उत्तरेला म्हणजे मैदानातून. जिथे नाटकाला सारा गाव बसत असे, त्याच्या मधोमध.

निकेश तोवर तिथे येऊन पोचला होता. त्याचा चेहरा पडला. "मॅडम, वाट बाजूनं नेली तं? विहिरीकडून वळवून?"

"विहिरीजवळून मुलांची वाट मी नेणार नाही."

"मंग परेक्षक कुठी बसवाचे? झाडावर?"

"हे मैदान शाळेचं आहे ना?" मॅडमनी विचारलं. मैदान शाळेचं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. ते नाटकाचं आहे, हेही सगळ्यांना माहीत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असण्याची वेळ कधी आली नव्हती.

"आखून कोण देईल?" मॅडम म्हणाल्या.

सगळ्यांनी पुन्हा डोमाभाऊंकडे पाहिलं.

डोमाभाऊ घरून सुतळी आणि चुन्याची पिशवी घेऊन आले. डिंपल सुतळीचं टोक धरायला आली. ती व्हरांड्याच्या पायरीवर उभी राहिली आणि डोमाभाऊ सुतळी सोडत मागे मागे गेले, जुन्या बोरीच्या झाडापर्यंत. निकेश हाताची घडी घालून उभा होता.

"डोमाभाऊ," तो म्हणाला, "तुमचा बाप इथीच फक्की टाकत होता, ध्यानात ठेवा."

"ध्यानात आहे गा."

"नातीसाठी गावाचं नाटक बुडवून राह्यले तुमी."

हेही डोमाभाऊंना नीट ठरवता येईना. नातीसाठी हे खरं होतं. पण सहावीत एकटी डिंपल थोडीच बसणार होती? निकेशच्याच भावाची करिश्मा त्याच वर्गात येणार होती. हे निकेशला सुनावावं असं त्यांच्या ओठावर आलं, पण सुनावल्याने रेषा सरळ पडत नाही. त्यांनी मुठीतून चुना सोडायला सुरुवात केली. अर्ध्यावर, जिथे पुढच्या ओळीतले म्हातारे घोंगड्या टाकून बसत, तिथे त्यांचा हात थांबला. डिंपल पायरीवरून ओरडली, "आबाजी, सुतळी ढिल्ली झाली."

त्यांनी सुतळी ताणली आणि रेषा बोरीपर्यंत नेली.

शाळा उघडायचा दिवस ठरला. तालुक्याहून सभापती आणि शिक्षण खात्याचे अधिकारी यायचे होते. भूपेश आदल्या संध्याकाळीच मोटारसायकलने आला. येताना त्याने मोठी रिकामी बॅग आणली होती. ती कशासाठी, हे त्याने सांगितलं नाही आणि ताराबाईने विचारलं नाही. तिने ती खाटेखाली सरकवून दिली. मॅडमची सही झाल्याचं हरिदास सर म्हणाले होते, पण सही केलेला कागद अधिकारी स्वतः बरोबर आणणार होते. तो पाहिल्याशिवाय डोमाभाऊंना धीर नव्हता.

सकाळी ते शाळेकडे गेले, तर आरमोरीच्या मंडपवाल्याने रस्त्याच्या बाजूला शामियाना घालून टाकलेला. कुणी सांगितलं नव्हतं म्हणून त्याने इमारतीचं तोंड रस्त्याकडेच धरलं होतं. खुर्च्या, गालिचा, हारांची टेबलं, सगळं इमारतीच्या बाजूच्या भिंतीसमोर. कोनशिलाही तिथेच बसवलेली होती, कारण जुन्या नकाशात ती प्रवेशद्वाराशेजारी होती. मंडपवाल्याचा पोऱ्या लाल फीत घेऊन भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता.

"काका, दार कुठी आहे? फीत कशाले बांधू?"

"पलीकडे आहे."

"पलीकडे तं बाजू आहे ना?"

"तेच पुढचं आहे," डोमाभाऊ म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ते पटेना.

शामियाना हलवायला वेळ नव्हता, गाड्या आल्याच. सभापती उतरले, भिंतीकडे पाहून थबकले, मग कोनशिलेसमोरचा पडदा दिसला म्हणून त्यांनी तो ओढला. टाळ्या झाल्या. हरिदास सर त्यांच्या कानाशी लागले. मग सभापती, अधिकारी, मुलं, गालिच्यावर बसलेल्या बाया, बँडवाले, सगळी मिरवणूक इमारतीला वळसा घालून उत्तरेकडे निघाली. निम्मे लोक विहिरीकडून गेले, निम्मे दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही गट व्हरांड्यासमोर एकमेकांना भेटले तेव्हा बँड कुणाच्या पुढे वाजवायचा, हे बँडवाल्यांना कळेना. ते मधे उभे राहून वाजवत राहिले.

फीत व्हरांड्याच्या खांबांना बांधली होती. ती कापली गेली. पाहुणे पायऱ्या चढून वर गेले आणि मैदानाकडे तोंड करून उभे राहिले. खाली मैदानात गाव आपोआप बसलं. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मधे नवी वाट मोकळी. कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारे पुढे येऊन नव्या रोपांच्या मधे उकिडवे बसले. निकेशने ते पाहिलं आणि तो डोमाभाऊंच्या कानाशी म्हणाला, "पाहा, बसतेच ना लोकं." तो चिडून म्हणाला की समजून, ते त्यांना कळलं नाही.

अधिकाऱ्यांनी भाषणाच्या शेवटी खिशातून कागद काढला. इमारत ताब्यात दिली, सहावीचा वर्ग आजपासून, असं वाचून दाखवलं. मुलांची नावं हरिदास सरांनी पुकारली. डिंपल भूपेश मारबते हे नाव आलं तेव्हा ती पायऱ्या चढून मधल्या खोलीत गेली. डोमाभाऊ दाराशी जाऊन उभे राहिले. ती फळ्याकडे तोंड करून बसली होती. खिडकीतून उजेड येत होता, पण ऊन तिच्या डोळ्यांवर नव्हतं. हे आपल्यामुळे की इतवारीमुळे की सरांमुळे, असा विचार ते करू लागले. तेवढ्यात तिनेच हाताने खूण केली, जा म्हणून.

दुपारी भूपेश निघाला. ताराबाईने खाटेखालून बॅग काढली आणि त्यात रीतासाठी सुकी मासळी आणि घरचे पोहे भरून दिले. बॅग तरीही अर्धी रिकामीच राहिली.

"बाबा," मोटारसायकलवर बसताना भूपेश म्हणाला, "अभ्यासाकडे पाहजा तिच्या."

"पाहतो."

"तुमाले समजते का पन तिचं पुस्तक?"

"नाई. पन बसतो जवळ."

भूपेश हसला आणि मोहर्लीच्या वाटेला लागला.

पावसाळा सरला, धान निसवला आणि मंडईचे दिवस जवळ आले. निकेश एका संध्याकाळी घरी आला. बाहेरूनच म्हणाला, "काकाच्या वावरात नाटक करू म्हनतो यंदा. आखून द्याल का? का रागात आहा?"

"रागात तं तू होता ना गा?"

"होतो. आता फक्की टाकाले कोनी नाई."

डोमाभाऊ उठले, चुन्याची पिशवी घेतली आणि थांबले. आत जाऊन त्यांनी डिंपलला हाक मारली. चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर तिच्याकडून मोठ्या अक्षरांत 'नाटक' असं लिहून घेतलं. तो काठीला बांधला.

वावरात पूर्व कोणती ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं. सुतळी लावली, तीन चौकोन आखले, समोर पट्टा ओढला. मग मधल्या चौकोनात काठी रोवली आणि दूर जाऊन पाहिलं. पुन्हा जवळ आले.

"आता काय झालं?" निकेशने विचारलं.

"पाटीचं तोंड कुठी करू, ते पाहून राह्यलो," डोमाभाऊ म्हणाले आणि त्यांनी काठी थोडी उत्तरेकडे फिरवली.